एका कॅल्शियमला दोन सोडियम

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून आला होता. यंदा दहावीला आहे. माझ्या खोलीतल्या भिंतीवर आवर्तसारणीचा एक जुना तक्ता आहे. निवृत्त झालो तेव्हा शाळेत नवा तक्ता आला होता, म्हणून मुख्याध्यापकांनी हा मला देऊन टाकला. कडा फाटल्या आहेत आणि शेवटची काही घरं रिकामी आहेत. (ती घरं नंतर भरली. ११८ पर्यंतच्या सगळ्या मूलद्रव्यांना नावं मिळाली ती २०१६ मध्ये. मी ती पेनाने लिहून टाकली आहेत. मास्तरकी सुटत नाही!)

नातवाला म्हटलं, "ये, तुला यातली एक गंमत दाखवतो."

तो म्हणाला, "आजोबा, हे आम्हाला नाहीये."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच नाहीये. त्याच्या केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचा धडा काढून टाकला आहे. २०२३ मध्ये वर्तमानपत्रांतून यावर बरीच चर्चा झाली होती, ती मी वाचलीही होती, पण आपल्या घरातलं मूल त्यात येतं हे ध्यानात आलं नव्हतं. हा विषय आता त्यांना अकरावीत आहे. म्हणजे जो अकरावीला शास्त्र शाखेला जाईल त्यालाच. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र तो दुसराच धडा होता.

नातू म्हणाला, "बरं आहे ना आजोबा, तेवढंच कमी. आणि ज्याला सायन्स घ्यायचं नाही त्याला काय उपयोग त्याचा?"

मी गप्प बसलो. उत्तर नव्हतं म्हणून नाही. फार मोठं होतं म्हणून. तेच आज लिहायला बसलो आहे. आमच्या घरातल्यांना यातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो. १९७३ च्या जूनमध्ये आमच्याच भागातल्या एका हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्याखालचा भाग. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं, चालवून घ्या.) वर्षभराने आमचे विज्ञानाचे शिक्षक दुसरीकडे गेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत आठवी-नववीचं विज्ञान तुम्ही बघा. वाचून दाखवलंत तरी चालेल."

नवीन माणूस मिळायला फार वर्षं लागली. आणि मिळाला तेव्हा मीच तो विषय सोडायला तयार नव्हतो.

पहिल्या वर्षी रात्री कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायचो. अणू म्हणजे काय इथपासून सुरुवात. मराठीच्या माणसाला आधी शब्दच भेटतात. आपल्याकडे अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण, आणि दोन-चार अणू एकत्र आले की रेणू. हिंदीत मात्र पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. एक हिंदी संदर्भपुस्तक हाती लागलं होतं, त्यात हा घोळ माझ्या लक्षात आला नाही आणि आठवडाभर मी मुलांना चुकीचंच शिकवलं. मग सोमवारी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "मागच्या आठवड्यातलं खोडा." मुलं खूष झाली. सर चुकतात हे मुलांना फार आवडतं.

अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन जितके, तितका त्या मूलद्रव्याचा अणुअंक. आणि बाकी सगळी पोकळी. किती पोकळी? मी मुलांना सांगायचो, नगरचा भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे आणा. आरपार सुमारे अर्धा किलोमीटर. अणू तेवढा केला तर केंद्रक मधोमध ठेवलेल्या हरभऱ्याएवढं, फार तर बोराएवढं. अणूचं जवळजवळ सगळं वजन मात्र त्या बोरात. बाकी किल्ला रिकामा. सहलीला किल्ल्यात गेलो की पोरं खरंच हरभरा शोधायची.

इलेक्ट्रॉन कसे बसतात हे सांगायला मी पंगत वापरायचो. पहिल्या ओळीत दोन पानं, दुसरीत आठ, तिसरीत अठरा, चौथीत बत्तीस. आतली ओळ भरली की बाहेरची धरायची. शेवटच्या ओळीत किती बसलेत यावर त्या मूलद्रव्याचा स्वभाव ठरतो. सोडियमचा अणुअंक ११, म्हणजे २, ८, १. बाहेर एकटाच बसलेला. तो एक देऊन टाकायला सोडियम इतका उतावीळ, की त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं. सुरीने कापता येईल असा मऊ धातू, पण पाण्यात टाकला की पेटतो.

आणि मेंडेलीव्हचं मला भारी कौतुक. १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्यं ठाऊक होती. याने ती अणुभाराप्रमाणे ओळीने मांडली आणि सारख्या गुणांची एकाखाली एक येतील अशी बसवली. जिथे बसेना तिथे घर रिकामं ठेवलं. म्हणाला, इथला माणूस यायचा आहे. त्या न आलेल्यांना नावंसुद्धा देऊन ठेवली, आणि त्यात चक्क आपला संस्कृत 'एक' वापरला. ॲल्युमिनियमच्या खालच्या घरातला तो एका-ॲल्युमिनियम. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये तो सापडला, त्याचं नाव गॅलियम. शोधणाऱ्याने घनता मोजली ती आली ४.७. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं, पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली तर ५.९ आली! ज्याने तो धातू पाहिलाही नव्हता त्याचं म्हणणं खरं ठरलं. हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता त्या मुलीची गोष्ट.

१९७६ साल असावं. नववीचा वर्ग. पंगत मांडून झाली होती. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची, कधी बोलायची नाही. ती उभी राहिली. म्हणाली, "सर, तिसऱ्या ओळीत अठरा जागा आहेत ना? मग पोटॅशियमच्या तिसऱ्या ओळीत आठच कसे? दहा पानं रिकामी ठेवून एकोणिसावा चौथ्या ओळीत का जाऊन बसला?"

मी पुस्तकात पाहिलं. २, ८, ८, १. शंभर वेळा वाचलं होतं, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. म्हटलं, "बाई, मला माहीत नाही. विचारून सांगतो."

रविवारी सायकल काढली आणि तालुक्याच्या गावी कॉलेजातल्या एका रसायनाच्या प्राध्यापकांच्या घरी गेलो. ओळख ना पाळख. त्यांनी चहा दिला आणि दीड तास शिकवलं. सार एवढंच, की एका ओळीतल्या सगळ्या जागा सारख्या नसतात. तिसऱ्या ओळीतल्या त्या दहा जागा माडीवर आहेत असं समजा, जिना चढून जावं लागतं. चौथ्या ओळीतल्या पहिल्या दोन अंगणात आहेत. इलेक्ट्रॉन जिथे कमी ऊर्जा लागेल तिथे आधी बसतो. पोटॅशियमचा एकोणिसावा आणि कॅल्शियमचा विसावा म्हणून अंगणात बसतात. एकविसाव्या स्कँडियमपासून माडी भरायला लागते. प्राध्यापक निघताना म्हणाले, "हा प्रश्न माझ्याकडे बी.एस्सी.ची मुलं विचारत नाहीत. कोण आहे ती मुलगी?"

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. प्राध्यापकांनी काय म्हटलं तेही सांगितलं. ती खाली मान घालून बसली होती, पण हसत होती.

पुढच्या जूनमध्ये ती दहावीत आली नाही. मे महिन्यात लग्न झालं होतं. त्या लग्नाला मी गेलो होतो, पंगतीला बसलो होतो, आग्रहाने जेवलोही होतो. तिच्या वडिलांना एक शब्द बोललो नाही. त्या काळी असंच चालायचं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. तिच्या वडिलांशी एकदा बोलून बघायला सायकलसुद्धा लागली नसती, घर शाळेच्या मागेच होतं.

असो. आता दुसरी गोष्ट, आमच्या घरातली.

आमची कालव्याखाली चार एकर जमीन होती. काळी, खोल. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, त्यानंतर या भागात बारमाही पाणी खेळू लागलं आणि ऊस आला. नाना, म्हणजे माझे वडील, पाटाच्या पाण्यावर ऊस करायचे. त्यांचा पाण्यावर फार विश्वास. दुष्काळ पाहिलेला माणूस, पाळी आली की रान तुडुंब भरायचं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेताच्या खालच्या अंगाला पांढरट पट्टा दिसू लागला. मग तिथला ऊस पिवळा पडला. पाणी दिलं की साचून राही, आत मुरेना. वाफसाच येईना. वाळलं की ढेकूळ दगडासारखं, कुदळ मारली तर टणकन आवाज. नाना म्हणायचे, रान चोपण झालं. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना ठाऊक होतं, आणखी पाणी दिलं. आणखी खताच्या गोण्या टाकल्या. पट्टा वाढत गेला. १९८२ मध्ये त्यातला दीड एकर त्यांनी मिळेल त्या भावाने विकून टाकला.

१९८५ मध्ये धाकट्या भावाने मातीचा नमुना राहुरीच्या कृषी विद्यापीठात नेला. मी सोबत गेलो, शाळेला सुट्टी होती म्हणून. तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाने अहवालाच्या पाठीमागे पेन्सिलीने चित्र काढलं. मातीचा एक चपटा कण, आणि त्याच्या अंगावर सगळीकडे उणे चिन्हं. म्हणाला, "मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. त्यामुळे धन भाराचे आयन त्यांना चिकटून बसतात. चांगल्या काळ्या मातीत बहुतेक कॅल्शियम बसलेला असतो. त्याला दोन धन भार, तो कणांना जवळ धरून ठेवतो, मातीची रवाळ घडण होते, पाणी मुरतं. तुम्ही पाणी जास्त दिलंत, निचरा झाला नाही, खालचं पाणी वर आलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन बसला. त्याला एकच भार, आणि अंगाभोवती पाण्याचा मोठा घोळका. तो कणांना धरू शकत नाही. कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. म्हणून पाणी मुरत नाही."

मग त्याने उपाय सांगितला. जिप्सम टाका, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. एक कॅल्शियम आला की दोन सोडियमना उठवतो. उठलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळतो. पण त्याला बाहेर जायला वाट पाहिजे, म्हणून आधी चर खणा.

माझा भाऊ लक्ष देऊन ऐकत होता. मी चित्राकडे बघत होतो आणि माझे कान तापले होते.

मला हे माहीत होतं, हो! सोडियमची संयुजा एक, कॅल्शियमची दोन. अकरा वर्षं दर जुलैत मी ते फळ्यावर लिहीत होतो. मुलांकडून पाठ करून घेत होतो. आमचं शेत शाळेपासून दोन किलोमीटरवर होतं. रोज संध्याकाळी त्या पांढऱ्या पट्ट्याकडेने मी सायकलवरून घरी जायचो.

मग का लक्षात आलं नाही? यावर मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, कारण शब्दात आहे, आणि मी तर शब्दांचाच माणूस. शेतात सगळे नत्र, स्फुरद, पालाश म्हणायचे. शाळेत आम्ही नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम म्हणायचो. नानांच्या तोंडी 'चोपण' हा शब्द होता, माझ्या तोंडी 'सोडियम'. दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, पण त्यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. ती घालायचं काम शिक्षकाचं. मी वर्गात पन्नास शेतकऱ्यांच्या मुलांपुढे उभा राहून सोडियमची गोष्ट सांगत होतो आणि एकदाही म्हणालो नाही, की पोरांनो, तुमच्या बापाच्या रानात हाच बसलाय.

भावाने चर खणले. ट्रॉल्या भरून जिप्सम आणलं. धैंचा पेरून गाडला. पाणी बेताने दिलं. १९८८ च्या फेब्रुवारीत त्या पट्ट्यात गहू उभा होता, अगदी जोमदार नाही, पण होता. नाना बांधावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि कधी नव्हे ते त्यांना सगळं समजावून सांगितलं. सोडियम, कॅल्शियम, एक, दोन. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला ते नेहमी मास्तरच म्हणायचे.

"मास्तर, हे तुमच्या पुस्तकात होतं?"

"होतं, नाना."

"मग सांगायचं नाही का?"

रागाने नाही म्हणाले. नुसतं विचारलं. दीड एकराचं नाव काढलं नाही. १९९१ मध्ये ते गेले, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

त्यानंतरची वीस वर्षं मी तो धडा वेगळा शिकवला. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरून खताच्या गोणीवरचे आकडे लिहून आणायचे. १८:४६:० म्हणजे काय? नत्र तो सातवा, स्फुरद तो पंधरावा, आणि हे दोघे सारणीत एकाच उभ्या रांगेत. पालाश म्हणजे पोटॅश, पोटॅशियमचाच, तो एकोणिसावा. आणि तो सोडियमच्या बरोबर खाली. एकाच घरातले भाऊ, बाहेरच्या ओळीत दोघांचाही एकच इलेक्ट्रॉन, पण एक पीक पोसतो आणि दुसरा जास्त झाला की रान मारतो. एखाद्याच्या रानात चोपण असेल तर त्याने ढेकूळ आणायचं, एखाद्याने चांगली माती आणायची. दोन्ही पाण्याच्या पेल्यात टाकायच्या. चांगल्या मातीचं पाणी थोड्या वेळात निवळतं, चोपणचं गढूळच राहतं. घंटाभर मुलं पेल्याकडे बघत बसायची. आणि मुलगी हुशार दिसली की मी तिच्या घरी जाऊ लागलो. दर वेळी उपयोग झाला असं नाही. काही वेळा झाला.

तर नातवाने विचारलं होतं, ज्याला सायन्स घ्यायचं नाही त्याला काय उपयोग? अरे बाबा, तुझा आजोबा बी.ए. मराठी. तुझे पणजोबा दुसरी पास. सारणीची खरी गरज आम्हालाच होती. शास्त्र शिकणाऱ्याला ती कुठेतरी भेटणारच आहे. जो शेती करणार, दुकान चालवणार, खताची गोणी किंवा मिठाची पिशवी विकत घेणार, त्याला ती शाळेतच भेटली पाहिजे. नाहीतर पुढे कुठे भेटणार?

त्याला हे असं भाषण दिलं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेतावर घेऊन गेलो. धाकट्याकडे मातीचं आरोग्य कार्ड आहे, २०१५ पासून सरकारने सुरू केलेलं. नातवाने ते वाचलं. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन. "आजोबा, ही तर सगळी तुमच्या तक्त्यातली!" म्हणाला. मग एक ढेकूळ पिशवीत घालून घरी आणलं आणि काचेच्या पेल्यात टाकलं. पाणी हळूहळू निवळलं.

तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आणि सोडियमवालं कसं दिसलं असतं?"

ते आता आमच्या शेतात मिळत नाही. पण विकलेल्या दीड एकरात मिळेल. तिथे अजून पांढरं आहे. सध्याच्या मालकाच्या मुलाला मी ओळखतो, माझाच विद्यार्थी, पण १९८५ च्या आधीचा. म्हणजे ज्यांना मी पेला दाखवला नव्हता त्यांतला. नातू गेल्यावर त्याच्याकडे जाऊन आलो. राहुरीला नमुना नेऊ म्हणालो. "येतो सर," म्हणाला. पुढच्या सोमवारी जायचं ठरलं आहे.